पाणी येतं का?

सांगलीला इंजिनिअरिंगला माझा नंबर लागला, वसतिगृहाच्या यादीत मात्र लागला नाही. लातूरहून निघताना आईनं दोन गोष्टी बजावल्या: घरमालकाला काका म्हणायचं, आणि खोली बघताना भाड्याच्या आधी पाणी विचारायचं. दुसरी गोष्ट तिनं सांगायची गरज नव्हती. २०१६ साली मांजरा धरण आटलं तेव्हा मी सहावीत होतो. घरी आलेल्या पाहुण्याला पाणी विचारायची चोरी झाली होती.

पहिली खोली बघितली गावभागात. जुना वाडा, जाड भिंती, भाडं इतकं कमी की मला ऐकण्यात चूक झाली असं वाटलं. काकांना म्हटलं, "पाणी येतं का?"

काका जरा वरमले. "दरवर्षी नाही येत."

दरवर्षी? म्हणजे इथली महापालिका आमच्याहून वाईट! तरी विचारलं, "पण आलं की किती वेळ असतं?"

"एकोणीस सालात आठ दिवस हलंना झालंतं."

सलग आठ दिवस! आमच्याकडे कुणाला सांगितलं असतं तर पटलं नसतं. "आणि जोर असतो का? वर चढतं?"

काकांनी माझ्याकडे एकदा नीट बघून घेतलं. मग काही न बोलता हात वर करून भिंतीवर ठेवला. तिथं, दाराच्या चौकटीच्याही वर, एक मातकट रेघ आडवी गेली होती. मी नळाचं विचारत होतो आणि ते नदीचं सांगत होते, हे मला रस्त्यावर आल्यावर कळलं.

त्या दिवसापासून माझी शिकवणी सुरू झाली. सांगलीकर कृष्णा फुटात मोजतात. आयर्विन पुलाजवळ ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५७ च्या वर गेली होती, आणि दोनच वर्षांनी पुन्हा पन्नाशी ओलांडून आली. प्रत्येक घराला स्वतःचा आकडा असतो. "आमच्या दारात सत्तेचाळीसला येतं," असं चहावाल्यानं मला बस किती वाजता येते हे सांगावं तसं सांगितलं. मी वहीत गल्ल्या आणि त्यांच्यापुढे फूट लिहायला लागलो. इंजिनिअरिंगची पहिली नोंदवही तीच.

बाकी शोधाशोध कुठल्याही गावात होते तशीच. 'रूम देणे आहे' पाटी बघून जिना चढावा, तर 'फक्त मुलींसाठी' ही ओळ वरच्या दारावर. एकानं आडनाव विचारलं आणि मग खोली कालच गेल्याचं त्याला आठवलं. त्यावर मी काय बोलणार होतो? एका एजंटानं फिरवायचे पाचशे आधीच घेतले आणि शामरावनगरात नेलं. "नदी लांब हाय इथनं," हे तो खरंच बोलला. पण भाग सखल, माती काळी. पावसाचंच पाणी तुंबून राहतं, हे शेजारच्या पोरानं चपला हातात घेऊन चालत येताना सांगितलं. पाचशे गेले ते गेलेच.

शेवटी विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर कॉट बेसिसवर जागा मिळाली. एका खोलीत तीन कॉट, माणशी २,४०० रुपये, लाईट बिल तिघांत. काकूंनी विचारलं, "कुठला रे तू?"

"लातूरचा."

"म्हंजे आमचंच पाणी पिलायस की!"

खरंच होतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ती गाडी बघायला वडील मला स्टेशनाबाहेरच्या गर्दीत घेऊन गेले होते. हे सांगितल्यावर काकूंनी डिपॉझिटमधले हजार रुपये कमी केले. एवढा उपयोग दुष्काळाचा मला आयुष्यात पहिल्यांदाच झाला.

कराराचं काढलं तेव्हा काका म्हणाले, "कागदबिगद कशाला, घरचाच हाईस." मी विरघळलो होतो. पण कोर्टात कारकून असलेला मामा फोनवर ओरडला, की १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं करार लेखी आणि नोंदणी केलेला लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची. काकांनी कुरकुर करत अकरा महिन्यांचा केला. पुढं महिनाभर ते मला 'वकीलसाहेब' म्हणत होते.

खोलीतल्या नळाला रोज सकाळी पाणी येतं. पहिल्याच दिवशी मी दोन बादल्या, एक पिंप, तिघांच्या बाटल्या आणि चहाचं पातेलं भरून ठेवलं. कोल्हापूरचा रूममेट उठला, सगळ्याकडे बघितलं आणि घाबरून विचारलं, "पूर येणार हाय काय?"