चुकीच्या वहीत शिवलेले पान

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीत माझी चाळीस वर्षे गेली. तोटा आला की तो कोणाच्या खाती टाकायचा, हा आम्हा व्यापाऱ्यांचा पहिला प्रश्न. गतवर्षी श्रावणात तोच प्रश्न मी माझ्या लेकीला विचारला. त्याची टोचणी अद्याप गेलेली नाही.

लेक साताऱ्यास दिली आहे. तिचा मुलगा दोन महिन्यांचा असताना अंघोळीपूर्वी तेल लावताना विहीणबाईंच्या हाताला त्याच्या पोटात डावीकडे टणक गाठ लागली. सोनोग्राफीत ती मूत्रपिंडाची असल्याचे दिसले. डॉक्टरांनी बजावले, "पोट दाबू नका, मालीश बंद करा. अशी गाठ दाबाने फुटू शकते." मी सांगलीहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघालो, साताऱ्यास लेक-जावई बाळाला घेऊन चढले. रात्री सारे निजल्यावर मी तिला विचारले, "गरोदरपणी काही भलतेसलते खाण्यात आले होते का? आपल्या घराण्यात असे कोणाला झालेले नाही." ती काहीच बोलली नाही. खिडकीकडे तोंड करून बसून राहिली.

परळला १९४१ पासून उभ्या असलेल्या टाटा रुग्णालयात गाठीसह ते मूत्रपिंड काढले गेले. निदान झाले 'मेसोब्लास्टिक नेफ्रोमा'. तीन महिन्यांच्या आतील बाळांत मूत्रपिंडाच्या गाठींपैकी हीच अधिक आढळते. १९६७ साली रॉबर्ट बोलँड यांनी तिची वेगळी ओळख पटवली. तोवर तिची गणना विल्म्स ट्यूमरमध्ये होई. बहुतेक बाळे केवळ शस्त्रक्रियेने बरी होतात आणि एका मूत्रपिंडावर माणूस आयुष्य सुखाने काढतो, हे ऐकून जीव भांड्यात पडला.

काही आठवड्यांनी गाठीच्या जनुकीय तपासणीचा अहवाल आला. मी व्यापारी असल्याचे कळल्यावर डॉक्टर म्हणाले, "असे समजा, की बाराव्या वहीतले पान पंधराव्या वहीत शिवले गेले." बाराव्या गुणसूत्रावरील ईटीव्ही-६ या जनुकाचा तुकडा पंधराव्यावरील एनटीआरके-३ ला जोडला जातो. त्या जोडातून बनणारे प्रथिन पेशीला 'वाढत राहा' असा हुकूम अखंड देत राहते. १९९८ साली हा जोड प्रथम सापडला, तो तान्ह्या मुलांच्या हातापायांच्या मऊ ऊतींत होणाऱ्या फायब्रोसार्कोमात. आणि त्याच वर्षी मूत्रपिंडाच्या या गाठीच्या एका प्रकारातही. ठिकाणे दोन, कारण एक. त्या प्रथिनाला रोखणारे लॅरोट्रेक्टिनिब हे औषध २०१८ साली अमेरिकेत मान्य झाले. आमच्या बाळाला त्याची गरज पडली नाही.

"मग ही चूक कोणाकडून आली?" मी विचारले.

"कोणाकडूनच नाही. ती त्या एका पेशीत, बाळ गर्भात असताना घडली. आईवडिलांच्या वह्या साफ आहेत."

विल्म्स ट्यूमर झालेल्या थोड्या मुलांत मात्र दोष आनुवंशिक असतो, असे त्यांनी सांगितले. तेव्हा कुटुंबाचीही तपासणी करतात, पण ती भावंडांवर वेळीच लक्ष ठेवता यावे म्हणून. कोणाला बोल लावण्यासाठी नव्हे.

दशलक्षण पर्वानंतर क्षमावाणीला मी दरवर्षी पेढीवरून साठ-सत्तर जणांना फोन करतो. त्या वर्षी पहिला फोन साताऱ्यास लावला. "गाडीत त्या रात्री विचारले, त्याची क्षमा कर," एवढेच बोललो. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अण्णा, विचारणारे तुम्ही एकटेच नव्हता. क्षमा मागणारे मात्र पहिलेच."

नातू आता रांगतो. ठरल्या वेळी सोनोग्राफी होते. बाळाच्या पोटात गाठ लागली किंवा लघवीत रक्त दिसले, तर वाचकांनी घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत. तडक डॉक्टर गाठावा. आणि एवढे ध्यानात ठेवावे, की तोटा झाला म्हणजे तो कोणाच्या तरी खाती टाकलाच पाहिजे, हा नियम पेढीचा आहे, घराचा नव्हे.