रबर ऐकताना

पाचशे अश्वशक्तीची शर्यतीची गाडी जमिनीला टेकते ती चारच ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाण दोन-तीन तळहातांएवढं. इंजिनाची ताकद, ब्रेकचा जोर, चालवणाऱ्याची हिंमत, जे काही असेल ते त्या चार तुकड्यांतूनच रस्त्यात उतरतं. गेली काही वर्षं मी रविवारी रात्री संगणकावरच्या एका लीगमध्ये शर्यती चालवतो. तिथे खरं रबर कुठेच नसतं. तरीही टायर म्हणजे काय हे मला तिथेच नीट कळलं.

ओळख मात्र जुनी. काका एसटीत ड्रायव्हर होते, कोल्हापूर-रत्नागिरी ही त्यांची नेहमीची गाडी. सुट्टीत मला सोबत घेऊन जायचे. आंबा घाट उतरण्याआधी मलकापूरला गाडी थांबली की उतारू चहाकडे वळायचे आणि काका टॉमी घेऊन मागच्या जोडचाकांकडे. आतल्या टायरची हवा डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून टॉमी मारायची आणि कान द्यायचा. "हवा असली की टणकन बोलतंय, उतरली की ढप्प," ते सांगायचे. मग पंजा टायरवर ठेवून तो किती तापलाय ते बघायचे. घाटात ते वळणाच्या कितीतरी आधी वेग उतरवत. मागून हॉर्न वाजले तरी त्यांना फरक पडायचा नाही. रत्नागिरीला पोचायला कधी उशीर झालेला मला आठवत नाही.

गल्लीत काठीने टायर पळवण्याचे दिवस सगळ्यांनीच पाहिलेत, त्यावर वेगळं काय सांगू! फॉर्म्युला वन बघायला लागलो ते २००५ साली, नारायण कार्तिकेयनमुळे. जॉर्डन संघाची पिवळी गाडी, आणि तीत पहिला भारतीय. त्या वर्षी नियमच असा होता की पात्रता फेरी आणि पूर्ण शर्यत मिळून टायरचा एकच संच वापरायचा. जूनमध्ये इंडियानापोलिसला सरावात राल्फ शूमाखरचा डावा मागचा टायर शेवटच्या, एका बाजूला कललेल्या वळणावर निकामी झाला आणि गाडी भिंतीवर आदळली. मिशेलिनला आपले टायर त्या वळणावर टिकतील याची हमी देता येईना. रविवारी त्यांच्या टायरवरच्या १४ गाड्या सराव फेरी मारून परत खड्ड्यात, म्हणजे पिटमध्ये, वळल्या. ब्रिजस्टोनवरच्या सहाच गाड्या सुटल्या. प्रेक्षक चिडले, त्यांचं चिडणं रास्तच होतं. त्या सहांत कार्तिकेयन चौथा आला आणि भारताच्या नावावर पहिले ५ गुण लागले. ते गुण नशिबाचे, असं तेव्हापासून ऐकत आलोय. मला ते कधीच पटलेलं नाही. ज्या दिवशी टायर टिकणं हीच परीक्षा होती, त्या दिवशी टिकलेल्या टायरवर त्याने शर्यत पूर्ण केली.

पुढे पिरेली आली, २०११ साली. मुद्दाम झिजणारे टायर बनवायचे, म्हणजे शर्यतीत डावपेच येतील, असं ठरलं. पांढरा कठीण, पिवळा मध्यम, लाल मऊ ही आजची रंगांची ओळख. कोरड्या शर्यतीत निदान दोन प्रकार वापरायलाच हवेत. मऊ टायर पळतो छान, पण लवकर संपतो. २०१३ साली ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर सेबॅस्टियन फेटेलने या नियमाचं जे केलं ते मी अजून विसरलो नाही. पहिल्या स्थानावरून मऊ टायरवर सुटला आणि दुसऱ्याच फेरीच्या अखेरीस आत आला. मऊ टायर वापरायची सक्ती होती ना, ती दोन फेऱ्यांत फेडून टाकली. बाहेर पडला तेव्हा सतरावा होता. तिथून एकेक गाडी मागे टाकत शर्यत जिंकली, आणि सलग चौथं जगज्जेतेपदही. मला तेव्हा वाटलं, हे बुद्धिबळाच्या फार जवळचं आहे. आज तसं वाटत नाही. बुद्धिबळात हत्ती झिजत नाही.

संगणकावरच्या शर्यतीकडे वळलो तेव्हा घरच्यांना तो खेळ वाटला. खेळ आहेच. पण त्यातला टायर गणिताने बांधलेला असतो, आणि ते गणित गंभीर आहे. डेल्फ्टचे प्राध्यापक हान्स पासेयका यांनी टायर जसा घसरतो तसं त्याचं बल कसं बदलतं याचं सूत्र मांडलं. प्रत्यक्ष मोजमापांशी ते इतकं जुळायचं की त्याला 'मॅजिक फॉर्म्युला' हेच नाव पडलं. त्या सूत्राच्या आलेखात एक चढ आहे, एक शिखर आहे आणि मग उतार. टायर किंचित घसरल्याशिवाय पकड देतच नाही. घसरण वाढेल तशी पकड शिखरापर्यंत वाढते, त्यापुढे कमी होत जाते. चांगला चालवणारा पूर्ण शर्यत त्या शिखराच्या अलीकडे, अगदी कडेशी राहतो. शिखर ओलांडलं की वेळ जातो तो जातोच, वर रबर तापतं. तापलेलं रबर पुढच्या दोन-तीन फेऱ्या ऐकत नाही.

आम्ही चालवतो त्या 'असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने'मध्ये कोरड्या टायरची हवा गरम झाल्यावर २६ ते २७ पीएसआयच्या दरम्यान बसावी लागते. म्हणून सुटताना ती कमी ठेवायची, आणि किती कमी हे त्या वेळच्या रस्त्याच्या तापमानावर ठरवायचं. ढग आले तर हिशेब बदलला. हे सगळं आकड्यांत दिसतं, पण शर्यत चालू असताना आकडे बघायला सवड कुणाला! खऱ्या गाडीत घसरण आधी कमरेला कळते. इथे खुर्ची हलत नाही. उरतात दोन गोष्टी: हातातल्या स्टिअरिंगचं अचानक हलकं होणं आणि हेडफोनमधला टायरचा आवाज. पकड आहे तोवर तो घोगरा, भरीव असतो. शिखर ओलांडलं की चिरका होतो. पहिल्यांदा तो फरक कानाला कळला तेव्हा मला मलकापूरचा स्टँड आठवला, आणि टॉमी.

आमच्या लीगमध्ये पुण्याचे लोक जास्त, काही नाशिकचे, एक जण साताऱ्याचा पण राहायला दुबईत. मागच्या हंगामातली बेल्जियममधल्या स्पा सर्किटची शर्यत मी कधी विसरणार नाही. दीड तास, एक थांबा सक्तीचा, टायर बदलायचे की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं. स्पाची एक फेरी ७ किलोमीटरची. तिच्यात पूहों नावाचं लांबलचक, वेगवान दुहेरी डावं वळण आहे. गाडीचा सगळा भार तिथे उजव्या पुढच्या टायरवर येतो. स्पाला झिजतो तो हाच. आम्ही पुढचे चौघे एकमेकांच्या मागे लागलो होतो. सगळ्यांच्या डोक्यात अंडरकट: समोरच्याच्या आधी आत यायचं, नवे टायर घालायचे आणि तो जुन्यावर रखडतोय तेवढ्या एक-दोन फेऱ्यांत त्याच्या पुढे निघायचं. नाशिकचा एक मुलगा, अभियांत्रिकीला आहे, पाचव्या जागेवर शांत होता. दर फेरीला तो आमच्यापासून थोडा थोडा सुटत गेला. आम्हाला वाटलं, आज याला गती सापडत नाहीये.

थांबे झाले. आम्ही चौघांनी नवे टायर घातले. त्याने फक्त इंधन घेतलं आणि निघाला. नकाशावर बघतो तर हा सगळ्यांच्या पुढे! उरलेला वेळ आम्ही नव्या रबरावर त्याला गाठत होतो. मी दुसऱ्या जागेवर आलो, अंतर दर फेरीला कमी होत गेलं. शेवटच्या फेरीत माझ्या गाडीचं नाक त्याच्या बंपरपाशी होतं. पूहोंला त्याची गाडी डगमगली नाही. तिथेच मला कळलं की हा आता मिळत नाही. मी हरलो आणि त्या रात्री जितका आनंद झाला तितका स्वतः जिंकल्यावर क्वचित झाला असेल. नंतर बोलताना म्हणाला, "दादा, पूहोंला मी पहिल्या फेरीपासून पाय उचलत होतो. एक दशांश जायचा. जाऊ दिला."

त्याला मी स्टर्लिंग मॉसची गोष्ट सांगितली. जानेवारी १९५८, ब्युनोस आयर्स. मॉसकडे छोटी कूपर गाडी, इंजिन मागे, चाकं चार-चार बोल्टनी बसवलेली. इतरांची चाकं एका नटावर झटकन निघायची. टायर बदलायला थांबला असता तर मॉसची शर्यत तिथेच संपली असती. म्हणून त्याच्या माणसांनी पिटमध्ये टायर मांडून थांब्याची तयारी चालल्याचं नाटक केलं. फेरारीवाले निर्धास्त राहिले. मॉस थांबलाच नाही. अखेरच्या फेऱ्यांत टायरचं रबर संपून आतलं कापड दिसू लागलं होतं. टायर टिकावेत म्हणून तो तेल सांडलेल्या, गुळगुळीत भागांवरून गाडी नेत होता. लुइजी मुस्सोच्या फेरारीला त्याने २.७ सेकंदांनी हरवलं. मागे इंजिन असलेल्या गाडीचा जागतिक अजिंक्यपद शर्यतीतला तो पहिला विजय.

संगणकावरचा टायर फुटला तर कुणाचा जीव जात नाही, मॉसचा गेला असता. हा फरक मोठा आहे आणि मी तो कधी लहान करणार नाही. पण पहिल्या फेरीत हातात असलेला वेग न वापरता ठेवून देणं, मागचा अंगावर येत असताना पाय उचलणं, हे दोन्हीकडे सारखंच अवघड. नाशिकच्या त्या मुलाकडे ते आहे. लीगमधल्या आमच्यापेक्षा वेगवान कितीतरी मुलांकडे अजून नाही.

तुमच्या घरी कुणी रात्री हेडफोन लावून, स्टिअरिंग धरून बसत असेल, तर एकदा खुर्ची ओढून शेजारी बसा. कितवा आहेस हे नंतर विचारा. आधी विचारा, टायर किती उरलेत.