मागणीपत्राखालची सही

प्रत्यर्पणाचे प्रकरण हाती आले की मी आरोपपत्र नंतर वाचतो. आधी मागणीपत्राखालची सही बघतो. फरारी माणूस मागायचा अधिकार कोणाला, यावर अर्धा खटला ठरतो. इंग्रजी अमलात या प्रश्नाची एक नव्हे, तीन उत्तरे होती.

पहिले उत्तर परदेशांसाठी. १८७० च्या कायद्यानुसार परकी सरकारने आपल्या राजनैतिक प्रतिनिधीमार्फत लंडनच्या मंत्र्याकडे मागणी करायची. गुन्हा राजकीय असेल तर आरोपी देता येत नसे.

दुसरे उत्तर साम्राज्याच्या आतले. १८८१ च्या फ्युजिटिव्ह ऑफेंडर्स ॲक्टमध्ये एका वसाहतीचे वॉरंट दुसरीकडे शिक्कामोर्तब होऊन चाले, आणि राजकीय गुन्ह्याची सवलत त्यात नव्हतीच. १३ मार्च १९१० रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावर सावरकरांना अटक झाली ती याच कायद्याखाली, मुंबई सरकारच्या मागणीवरून. हिंदुस्थानात नेले जात असताना ८ जुलैला मार्सेय बंदरात बोटीतून उडी टाकून ते किनाऱ्याला लागले, तेव्हा लागू होणारा कायदाच बदलला. आता ब्रिटनने फ्रान्सकडे रीतसर मागणी करायला हवी होती. तशी कोणी केलीच नाही. फ्रेंच शिपायाने त्यांना धरले आणि ते पुन्हा बोटीवर गेले. हेगच्या लवादाने फेब्रुवारी १९११ मध्ये अनियमितता मान्य केली, पण त्यांना फ्रान्सच्या हवाली करण्याचे बंधन ब्रिटनवर नाही, असा निवाडा दिला.

तिसरे उत्तर संस्थानांचे. समजा, कोल्हापूर संस्थानात दरोडा घालून आरोपी इंग्रजी हद्दीतल्या साताऱ्यात लपला. १९०३ च्या इंडियन एक्स्ट्रॅडिशन ॲक्टच्या सातव्या कलमानुसार साताऱ्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटच्या नावे वॉरंट निघे ते पोलिटिकल एजंटच्या, म्हणजे संस्थानासाठी नेमलेल्या इंग्रज सरकारच्या प्रतिनिधीच्या, सहीने. राज्य छत्रपतींचे, गुन्हा त्यांच्या हद्दीतला, पण सही गोऱ्या साहेबाची! नवव्या कलमाने संस्थानिकालाही मागणी करता येई. मात्र एजंट नेमलेला असेल तर तीही त्याच्याच हातून पुढे जायची.

स्वातंत्र्यानंतरही हे जुने कायदे पुस्तकात राहिले. सिंगापूर वसाहतीच्या सरकारने १८८१ च्या कायद्याचा आधार घेऊन मद्रासमधून एका बॅरिस्टरची मागणी केली. १९५४ मध्ये ‘मद्रास राज्य विरुद्ध सी. जी. मेनन’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, भारत आता प्रजासत्ताक आहे, ब्रिटिश मुलूख नव्हे. साम्राज्यांतर्गत देवघेवीचा हा कायदा इथे लागू होत नाही. मागणाऱ्याची पात्रता त्या जुन्या नात्यावर उभी होती आणि ते नातेच संपले होते.

१९६२ च्या प्रत्यर्पण कायद्याने या जुन्या कायद्यांची जागा घेतली: मागणी सरकारने सरकारकडे करायची. त्यामुळे मागणाऱ्याने दिलेला शब्द देशाला बांधतो. फरारी आरोपी अबू सालेमच्या प्रत्यर्पणासाठी भारताने पोर्तुगालला हमी दिली होती की त्याला फाशी किंवा २५ वर्षांपेक्षा जास्त कैद होणार नाही. केंद्राने हा शब्द पाळला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावले.

म्हणून ‘मुंबई पोलिसांनी प्रत्यर्पण मागितले’ अशी बातमी वाचाल तेव्हा एवढे लक्षात ठेवा: पोलीस कागदपत्रे तयार करतात, न्यायालय वॉरंट काढते, पण परदेशाकडे मागणी करायचा अधिकार फक्त केंद्र सरकारचा.