एस.टी.च्या टप्प्यातलं कॉलेज

आमच्या कराडच्या कॉलेजचं नाव सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज. १९५४ साली ते सुरू झालं तेव्हा गाडगेबाबा हयात होते. आयुष्यभर हातात खराटा घेऊन गावं झाडत फिरलेल्या, शाळा न शिकलेल्या माणसाचं नाव त्याच्या डोळ्यांदेखत कॉलेजला द्यायचं, हे कर्मवीर भाऊराव पाटलांनाच सुचावं. त्यामागे एक जुनं ऋणही होतं. गांधीहत्येनंतरच्या दिवसांत कर्मवीरांची टीका सरकारला झोंबली आणि त्यांच्या रयत शिक्षण संस्थेचं अनुदान थांबलं. तेव्हा गाडगेबाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झालं. आम्हा पोरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. आमच्या तोंडी नुसतं ‘एस.जी.एम.’

माझ्या आजीचं माहेर काल्याचं. याच काल्यात ४ ऑक्टोबर १९१९ रोजी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. आजीला साल-तारीख माहीत असायचं कारण नव्हतं. तिला माहीत होती मूठ. पहाटे जात्यावर बसण्याआधी सुपातले मूठभर जोंधळे बाजूला काढून कोनाड्यातल्या मडक्यात टाकायचे, आणि संस्थेच्या बोर्डिंगची पोरं झोळी घेऊन आली की त्यांच्या झोळीत ते रिकामं करायचं. याला मुष्टिफंड म्हणतात, हे मी पुढे पुस्तकात वाचलं. बोर्डिंगच्या मुलांच्या जेवणासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं, हे मला पुस्तकातून कळलं. आजी मात्र ते घरातल्या गोष्टीसारखं सांगायची: “पाटलीणबाईनं पोरांसाठी डोरलं मोडलं.”

कोयनेच्या भूकंपाच्या साली, १९६७ ला, मी पहिलीत होते, म्हणजे १९७७ साली दहावी झाले. आमचं गाव कराड-चिपळूण रस्त्यापासून जरा आत, मल्हारपेठेच्या अलीकडे. मार्क बरे पडले होते, पण पुढे काय, यावर घरात दोन दिवस कुणी बोललं नाही. पुणं-कोल्हापूर म्हणजे वसतिगृह आलं, खर्च आला आणि मुख्य म्हणजे ‘पोरगी बाहेर राहणार’ आलं. कराडचं तसं नव्हतं. गावात मुक्कामी गाडी होती. ती सकाळी सहाला सुटे आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या आत परत गावात येई. दादांनी, म्हणजे वडिलांनी, डेपोत जाऊन वेळ स्वतः विचारून घेतली. तरी त्यांचं ठरेना, तेव्हा आजी चुलीपुढनं बोलली: “आमचं जोंधळं खाऊन मोठी झाल्याली शाळा हाय ती. आपल्याच पोरीला न्हाई म्हणायचं व्हय?” विषय संपला. ई.बी.सी.च्या फॉर्मसाठी दादांनी तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला आणला. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना सुरू झालेली ती सवलत होती म्हणून फीचा प्रश्न उरला नाही. उरला फक्त पासाचा.

स्टँडवर उतरायचं, कृष्णेचा पूल ओलांडायचा आणि विद्यानगर गाठायचं. पावसाळ्यात पुलावर छत्री उलटी व्हायची. साडेसातच्या पहिल्या तासाला निम्मा वर्ग ओला. पुढच्या बाकावर कधी ‘कमवा आणि शिका’ योजनेतली मुलं बसायची. पहाटे बागेत खोरं चालवून थेट वर्गात आलेली. त्यांच्यातल्या एकाच्या टाचांच्या भेगांत माती सुकून बसलेली असायची. पाय बाकाखाली ओढून घ्यायचा तो. आमचे अर्थशास्त्राचे सर त्याच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत आणि जमीन महसुलाचं उदाहरण द्यायचं झालं की नेमकं त्यालाच उभं करत. त्याला ते पाठ नव्हे, माहीत असे.

दुसऱ्या वर्षी मलाही ‘कमवा आणि शिका’तून ग्रंथालयात काम मिळालं. नवी पुस्तकं आली की दाखल नोंदवहीत नंबर टाकायचा, ठरलेल्या पानावर शिक्का मारायचा, मागच्या आतल्या बाजूला कार्डाचा कागदी खण चिकटवायचा. खळ आम्हीच शिजवायचो: मैदा, पाणी आणि कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. तो निळसर हिरवा रंग बोटांना राहायचा. घरी भाकरी थापायला बसले की आई आधी हात धुऊन दाखवायला लावायची, कारण मोरचूद विषारी. शिक्का मारता मारता मी जे वाचलं ते अभ्यासक्रमात नव्हतं. पदवीपेक्षा ते जास्त कामाला आलं, असं माझं मत आहे. पदवी हातात घेतली ती मात्र कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची.

पुढे मी जिल्हा मध्यवर्ती बँकेत लागले आणि वेगवेगळ्या शाखांत काउंटरवर बसून निवृत्त झाले. हे कॉलेज आमच्या भागात काय करतं, ते मला कॉलेजात असताना दिसलं नव्हतं, काउंटरवरून दिसलं. मे-जूनमध्ये पीककर्जाचा हंगाम आला की विकास सोसायट्यांचे सचिव क.म. पत्रकं घेऊन यायचे. कुणाचं किती क्षेत्र, कुठलं पीक, कर्जाची मर्यादा किती, याचा तो सगळा हिशेब. “मॅडम, कुठल्या बॅचच्या?” ही आमची ओळख. दूध संघाचा हिशेबनीस, ग्रामसेवक, कारखान्याच्या शेतकी विभागातला क्लार्क, झेडपीच्या शाळेतली बाई, बी-बियाण्याचा दुकानदार, सगळे त्याच पुलावरून गेलेले. त्या टाचांवाला मुलगाही एका सोसायटीचा सचिव झाला होता. एकदा ३१ मार्चला बँक बंद व्हायच्या बेताला तो एका म्हाताऱ्याला मोटरसायकलवर मागे बसवून घेऊन आला. आज भरणा झाला नाही तर बाबांची व्याजाची सवलत जाणार, हे त्याला माहीत होतं, बाबांना नव्हतं. म्हाताऱ्याने कमरेच्या कशातून नोटा काढल्या, त्याने त्या दोनदा मोजल्या, मी पावतीवर त्या तारखेचा शिक्का मारला. कुठल्याही कॉलेजच्या माहितीपत्रकात हा प्रसंग येणार नाही. माहितीपत्रकात येतात ते पुण्याला गेलेले, अमेरिकेला गेलेले, अधिकारी झालेले. त्यांचं कौतुक आहेच. पण नॅकच्या मूल्यांकनात ‘प्लेसमेंट किती’ विचारलं जातं; गावात राहून गावाचे कागद नीट ठेवणारे किती, हा रकाना अजून कुणी काढलेला नाही.

मला विचाराल तर ग्रामीण कॉलेजचं खरं काम तेच आहे. शहरातलं कॉलेज हुशार मुलाला निवडतं. आमच्यासारखं कॉलेज जो येईल त्याला घेतं, त्यातल्या बऱ्याच जणांना पन्नास टक्क्यांच्या आसपास नेऊन सोडतं आणि ते पन्नास टक्केवाले तालुका चालवतात. यात कमीपणा वाटायचं काही कारण नाही.

आता कॉलेजच्या बाजूला जाणं होतं ते भाचीमुळे. ग्रंथालयं स्पर्धा परीक्षावाल्यांनी भरलेली दिसतात. पुस्तकापेक्षा खुर्ची महत्त्वाची झाली आहे. साताऱ्यात रयतची महाविद्यालयं एकत्र येऊन कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण राज्यभर अनुदानित कॉलेजांतली प्राध्यापकांची पदं वर्षानुवर्षं रिकामी आहेत आणि वर्ग तासिका तत्त्वावर चालले आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. नेट-सेट, पीएच.डी. झालेला माणूस तासावर पैसे मोजून घेतो, एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात मोटरसायकल पळवतो आणि सुट्टीत त्याला काहीच मिळत नाही. कुणाच्या टाचांत माती आहे हे त्याने कधी बघायचं? आमच्या सरांना पगाराची चिंता नव्हती, म्हणून त्यांचं लक्ष बाकाखाली जात होतं.

दुसरी गोष्ट साधी आहे आणि तिच्यावर कुणी परिसंवाद घेत नाही. २०२१ च्या दिवाळीत एस.टी.चा संप सुरू झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत गाड्या धड धावल्या नाहीत. मुलगे दुचाकीवर, वडापच्या जीपमध्ये लोंबकळत कॉलेजला गेले. मुली घरी बसल्या. संप मिटल्यावर त्यातल्या काही परत आल्या, काहींची तोवर लग्नं ठरली होती. मासिक पासावर विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत आहे, पण गाडीच नसेल तर सवलत कशाची? प्रवासी कमी म्हणून मुक्कामी गाडी बंद करण्याचा विचार डेपोत होतो, तेव्हा त्या गाडीत बसणाऱ्या मुली प्रवासी म्हणून मोजल्या जातात, विद्यार्थिनी म्हणून नाही.

म्हणून एक विनंती. तुमच्या गावची सकाळची गाडी बंद झाली असेल, नाहीतर होणार असं ऐकलं असेल, तर पुढच्या ग्रामसभेत विषय घ्या, कॉलेजला जाणाऱ्या मुलींची नावनिशीवार यादी ठरावाला जोडा आणि तो ठराव आगारप्रमुखांच्या हातात देऊन पोच घ्या.