वर गोठलेला आमरस, खाली नासलेलं दूध

बिघडायचं तर सगळंच बिघडावं, अशी माझी यंत्रांकडून साधी अपेक्षा असते. मिक्सर बंद पडला की बंद पडतो, इस्त्री गेली की गेली. आमच्या फ्रीजने मात्र आषाढात निराळाच प्रकार सुरू केला. वरच्या फ्रीजरमध्ये मे महिन्यात भरून ठेवलेले आमरसाचे डबे असे कडक, की त्यांत सुरी शिरेना. आणि खालच्या कप्प्यात सकाळचं दूध संध्याकाळपर्यंत नासलेलं. कोथिंबीर काळी, इडलीचं पीठ डब्याबाहेर. सासूबाईंनी दार उघडून पाहिलं आणि निकाल दिला, "दिवा लागतोय. म्हणजे चालू आहे."

रत्नागिरीतल्या पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, त्यामुळे आधी सगळा दोष हवेवर ढकलून झाला. मग मेकॅनिकला बोलावलं. त्याने मागच्या बाजूला हात लावला, कॉम्प्रेसरचा आवाज ऐकला आणि सांगितलं, "वहिनी, गॅस कमी झालाय. भरावा लागेल." फ्रीज दहा-बारा वर्षांचा, त्यामुळे हे मला पटायला हवं होतं. पण एक गोष्ट आड येत होती. मधे एकदा रात्रभर लाइट गेली होती. फ्रीजचं दार उघडं ठेवून खाली फडकी अंथरली, सकाळी ढीगभर पाणी निघालं आणि पुढचा आठवडाभर फ्रीज अगदी नव्यासारखा चालला. मग पुन्हा तेच. गॅस गेला असेल तर एका रात्रीत परत कुठून येतो? हे विचारलं तर तो म्हणाला, "तसं होतं कधीकधी." या उत्तरावर दोन-तीन हजार रुपये घालायचं मला जिवावर आलं.

खालच्या मजल्यावरचे काका आयटीआयमध्ये वायरमन ट्रेड शिकवायचे. जिन्यात भेटले तेव्हा सहज सांगितलं. ते तिथेच थांबले. "रात्रभर बंद ठेवल्यावर आठवडाभर चालतो? मग ताई, गॅसला हात लावू देऊ नका. हा डिफ्रॉस्टचा आजार."

त्यांनी सांगितलं ते मी माझ्या भाषेत मांडते. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये थंडी एकाच ठिकाणी तयार होते, फ्रीजरच्या मागच्या प्लास्टिकच्या पत्र्याआड बसवलेल्या कॉइलवर. तिथून पंखा ती थंड हवा वर आणि खाली ढकलतो. आपण दार उघडतो तेव्हा दमट हवा आत जाते आणि तिच्यातलं पाणी त्याच कॉइलवर बर्फ होऊन बसतं. म्हणून काही तासांनी टायमर कॉम्प्रेसर आणि पंखा बंद करतो, कॉइलखालचा हीटर वीसेक मिनिटं लावतो, बर्फ वितळतो, पाणी नळीतून मागे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये उतरतं आणि तिथल्या उष्णतेने उडून जातं. मला वाटायचं फ्रॉस्ट-फ्री म्हणजे यात बर्फ होतच नाही. होतो, फक्त आपल्याला दिसत नाही. तो वितळणं थांबलं की कॉइलच्या पात्यांमधली फट बुजते आणि हवेची वाट बंद. कॉइल शेजारीच असल्याने फ्रीजर तग धरून राहतो, खालच्या मजल्याला काही पोचत नाही.

रविवारी पिन काढून पत्रा उघडला. आत बर्फाची सलग पांढरी भिंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. काका खूश झाले. "बघा, सगळीकडे सारखा. गॅस कमी असता तर जिथून तो कॉइलमध्ये शिरतो तेवढ्याच भागावर बर्फ धरला असता, बाकीच्या नळ्या उघड्या दिसल्या असत्या." म्हणजे मेकॅनिकच्या निदानाचा निकाल एका नजरेत लागत होता, पत्र्याचे स्क्रू काढायचे कष्ट तेवढे घ्यायला हवे होते. मला हे मनापासून लागलं, पण ते असो.

चिरंजीव स्क्रूड्रायव्हर घेऊन बर्फ फोडायला सरसावले, तेव्हा काकांनी असा आवाज दिला की सासूबाई देवघरातून बाहेर आल्या. कॉइलची नळी अॅल्युमिनियमची, पातळ. टोक लागलं की भोक, आणि मग खरोखरच गॅस भरायची वेळ. शिवाय आमच्या फ्रीजच्या लेबलवर आर-600ए लिहिलेलं, म्हणजे आयसोब्युटेन. तो पेट घेतो. तेव्हा टेबलफॅन समोर लावून, फडकी पिळत, दुपारपर्यंत बर्फ उतरवला.

मग उलगडलं ते संशयितांचं कुटुंब. टायमर, हीटर, थर्मल फ्यूज आणि दुकानदार ज्याला नुसतं 'सेन्सर' म्हणतात तो बायमेटल. टायमरची परीक्षा काकांनी आदल्या रात्री, पत्रा जागेवर असतानाच घेतली होती. त्याचा दांडा स्क्रूड्रायव्हरने हळूहळू फिरवला, टक्क आवाज झाला, कॉम्प्रेसर गप्प. पण पुढे हीटरवर थेंब पडल्याची चुरचुर यायला हवी होती, ती आली नाही. वीसेक मिनिटांनी कॉम्प्रेसर काहीच न घडल्यासारखा पुन्हा सुरू. टायमर आपलं काम करत होता, त्याचं ऐकणारं कोणी नव्हतं.

आता मीटर. हीटरचा कनेक्टर सोडवून टोकं लावली, साडेतीनशेच्या आसपास ओहम. काकांनी वर्तमानपत्राच्या कडेला 230 चा वर्ग करून 350 ने भागलं : दीडशे वॉट, म्हणजे हीटर ठणठणीत. थर्मल फ्यूजने बीप दिला. हा फ्यूज सत्तरेक अंशांच्या वर गेला की कायमचा तुटतो. हीटर चालूच राहिला तर आग लागू नये म्हणून ठेवलेला शेवटचा पहारेकरी. बायमेटलला टोकं लावली तर मीटर मुका. मी म्हटलं, "सापडला!"

"थांबा," काका म्हणाले. "हा आत्ता असाच दाखवणार. चांगला असला तरी."

इथे माझं डोकं खरोखर फिरलं. चांगला तुकडाही मेलेला दिसतो आणि मेलेलाही मेलेलाच दिसतो, मग तपासायचं काय? कारण असं : त्या गोल डबीत दोन धातूंची एकमेकांना चिकटवलेली चकती असते. दोन्ही धातू गारठ्यात कमीजास्त आकसतात, त्यामुळे चकती वाकते आणि ठरावीक थंडीला सर्किट जोडते. कॉइल गोठलेली असेल तरच हीटर लागावा, आणि ती दहा-बारा अंशांपर्यंत तापली की बंद व्हावा, एवढंच तिचं काम. खोलीतल्या उबेत ती तुटलेली असणारच. तिला प्रश्न विचारायचा तर थंडीत विचारायला हवा. आणि नुसत्या बर्फाच्या पाण्यात भागेलच असं नाही, कारण ते शून्य अंशांना अडतं आणि काही बायमेटल त्याच्याही खाली गेल्याशिवाय जोडत नाहीत.

यावर उपाय सासूबाईंनी काढला. आईस्क्रीमच्या पॉटात घालतात तसं फोडलेला बर्फ आणि खडेमीठ! जुन्या पातेल्यात ते मिश्रण केलं, बायमेटल प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आत खुपसला, वायरी बाहेर. पातेल्याला बाहेरून पांढरं दव गोठलं, बोटं चिकटायला लागली. मीटर मुकाच. बाहेर काढून नीट पाहिलं तर डबीची पाठ फुगली होती आणि कडेला गंजाची तपकिरी रेघ होती. आत पाणी शिरलं होतं.

बाजारातल्या सुट्या भागांच्या दुकानात नवा मागितला. दुकानदार म्हणाला, "डायरेक्ट करून टाका की." म्हणजे बायमेटल काढून वायरी सरळ जोडायच्या. मग बर्फ वितळून गेला तरी टायमरची वेळ संपेपर्यंत हीटर तापतच राहणार, आतलं प्लास्टिक मऊ होणार, आणि सगळी भिस्त त्या एका फ्यूजवर. नको म्हटलं. जुन्याचा नमुना दाखवून त्याच आकड्याचा घेतला. किंमत गॅसच्या मानाने किरकोळ.

घरी आल्यावर आधी तोही पातेल्यात घातला. थोड्या वेळाने बारीक 'टिक' झालं आणि मीटर किंचाळला. तळहातावर घेऊन मूठ मिटली, पुन्हा टिक, आणि आवाज बंद. हे मी तीनदा तरी केलं. गरज नव्हती, पण करावंसं वाटलं.

(पुण्याच्या नणंदेच्या इन्व्हर्टर फ्रीजमध्ये हा प्रकार नाही. तिथे थर्मिस्टर असतो, त्यात काहीही टिकटिकत नाही. थंडी वाढेल तसा रोध वाढत जातो. काहींचा 25 अंशांना दहा हजार ओहम असतो, तो बर्फाच्या पाण्यात तिपटीच्या घरात जातो. आकडा हललाच नाही तर तो गेला.)

नवा बायमेटल कॉइलच्या वरच्या नळीवर, जुना होता नेमक्या तिथेच क्लिपने बसवला. नळीला नीट टेकला नाही तर त्याला तिथली थंडी कळायचीच नाही. वायरीचा जोड वर, पाणी ओघळणार नाही असा. लगेच टायमर फिरवून बघू या, असं मी म्हटलं, तर काका हसले. "कॉइल आत्ता गरम आहे, ताई. तो नाही म्हणणार आणि तुम्ही मला परत बोलावणार." दुसऱ्या दिवशी कॉइल पुरती गारठल्यावर टायमर फिरवला. टक्क, शांतता, आणि मग पत्र्याआड चुरचुर. मागे वाकून टॉर्चने पाहिलं, ट्रेमध्ये पाणी येत होतं.

आठवडा उलटला, पंधरवडा उलटला, दूध टिकलं. त्याच सुमारास मेकॅनिकचा फोन आला, "वहिनी, गॅस भरायचाय ना?" मी सांगितलं, बायमेटल गेला होता, बदलला.

"हां," तो म्हणाला, "पावसाळ्यात जातातच ते."