मेणावरचे पाणी

'अळवावरचे पाणी' हा शब्दप्रयोग आपण जितक्या सहज वापरतो, तितक्या सहज अळवाच्या पानाकडे पाहत मात्र नाही. आयुष्य क्षणभंगुर आहे, पैसा टिकत नाही, खुर्ची आज आहे उद्या नाही, असे काही सांगायचे झाले की अळवाचे पान पुढे करायचे आणि मोकळे व्हायचे! गीतेच्या पाचव्या अध्यायात कमळाचे पान येते ते वेगळ्या कारणाने. आसक्ती सोडून कर्म करणाऱ्याला पाप चिकटत नाही, हे सांगण्यासाठी तिथे पाण्यात राहून न भिजणाऱ्या पानाची उपमा दिली आहे. गोष्ट एकच, थेंबाच्या बाजूने पाहिले की चंचलता दिसते, पानाच्या बाजूने पाहिले की अलिप्तता!

माझी या थेंबाशी खरी ओळख झाली ती ना अळवावर, ना कमळावर. ती झाली मोटारीच्या बॉनेटवर. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, दोन सोसायट्यांमधल्या मिळून सोळा गाड्या रोज सकाळी धुतात. परीक्षेचे दिवस सोडले तर पहाटे पाचपासून मी त्यांच्या हाताखाली असतो. त्यानंतर आंघोळ आणि मग कॉलेज. त्यामुळे पुस्तकात पाण्याचा धडा वाचण्याआधी मी पाण्याचे स्वभाव पाहिले.

ज्या गाडीवर मेण नाही, तिच्यावर मगभर पाणी ओतले की ते पसरते. पातळ चादर अंथरावी तसे बॉनेटला धरून राहते. मेण लावलेल्या गाडीवर तेच पाणी एकदम दचकल्यासारखे आक्रसते आणि त्याचे शेकडो थेंब होतात. जोंधळ्याच्या दाण्याएवढे, टपोरे, एकमेकांपासून अंतर राखून बसलेले. मेण ताजे असेल तर थेंब गोल असतो. दिवस जातात, ऊन लागते, शाम्पूचे हात फिरतात, तसतसा तो चपटा होतो, त्याची कड वेडीवाकडी होते. अण्णा मालकाला कधी विचारत नाहीत, की पॉलिश केव्हा केले होते. मग ओततात आणि सांगतात, "पानी हुबं ऱ्हायलं की मेण हाय, पानी बसलं की मेण ग्येलं." मेणाऐवजी आता कोणी टेफ्लॉनचा, कोणी सिरॅमिकचा लेप देतात. अण्णांची परीक्षा तिथेही लागू पडते.

हे 'उभे राहणे' आणि 'बसणे' म्हणजे काय, हे मी ग्रंथालयात बसून शोधले. पाण्याचे कण एकमेकांना ओढून धरतात. पृष्ठभाग जितका कमी करता येईल तितका पाणी कमी करते. आणि तेवढ्याच पाण्याला सर्वांत कमी पृष्ठभाग गोलात लागतो. म्हणून एकटा थेंब गोल. पण तो कशावर टेकला की ओढाताण सुरू होते. खालची वस्तू पाण्याला जास्त ओढते, की पाणी स्वतःलाच धरून राहते? थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०५ साली दाखवून दिले, की या ओढाताणीचा निकाल थेंबाच्या कडेशी होणाऱ्या कोनात वाचता येतो. कोन ९० अंशांहून कमी असेल तर पाणी बसते. अधिक असेल तर उभे राहते. चांगले मेण लावलेल्या गाडीवर तो ९० च्या थोडा पुढे, साधारण शंभराच्या आसपास असतो. यंग वाचला तेव्हा मला अण्णांचेच वाक्य कोणी तरी आकड्यांत मांडल्यासारखे वाटले.

थेंबाचा हा रुबाब मोडायला एक बोट पुरते! साबणाचे बोट नुसते टेकवा. टपोरा थेंब क्षणात गळून आडवा होतो. पाण्याच्या कणांनी एकमेकांचे धरलेले हात साबण सैल करतो. पाण्याच्या पृष्ठभागाची ही ओढ घरच्या घरी मोजून दाखवली ती ॲग्नेस पॉकेल्स या जर्मन बाईने. ब्राउनश्वाइग गावात ती आईवडिलांची शुश्रूषा आणि घरकाम करीत असे. तिच्या तरुणपणी तिथल्या विद्यापीठांची दारे मुलींना बंद होती. धाकटा भाऊ पदार्थविज्ञान शिकत होता. त्याच्याकडून ती पुस्तके मिळवी. पत्र्याचे एक उथळ भांडे, एक गुंडी आणि एक साधा तराजू एवढ्या सामग्रीवर तिने पृष्ठभागाची ओढ मोजली. १८९१ साली तिने लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिले आणि त्यांनी ते 'नेचर' या नियतकालिकात छापून आणले. पुढे १९३२ मध्ये तिला सन्माननीय डॉक्टरेट मिळाली. तेव्हा ती सत्तरीला आली होती. बादली आणि फडके घेऊन उभे असताना मला ही बाई पुष्कळदा आठवते.

आता मेणाची गोष्ट. गाडीच्या उंची मेणात कार्नाउबा नावाचे मेण असते. ते ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडजातीच्या झाडाच्या पानांवर मिळते. पाने तोडून वाळवतात, झोडपतात आणि वरचे मेण काढतात. ऐंशी अंश सेल्सिअसच्या वर गेल्याशिवाय ते वितळत नाही. म्हणून आपल्या उन्हातही बॉनेटवर टिकाव धरते. पण त्या झाडाने हे मेण मोटारीसाठी केलेले नाही! तो मुलूख कोरडा. मुळांनी कष्टाने वर आणलेले पाणी पानांतून उडून जाऊ नये म्हणून झाड पानांना मेण लावून घेते. गाडीवर जे मेण बाहेरचे पाणी झिडकारते, ते झाडावर आतले पाणी राखत होते. हे वाचले आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसून राहिलो.

कारण गाडीवरच्या थेंबाची दुसरी बाजू मला माहीत होती. सोसायटीत बोअरचे पाणी येते. त्यात क्षार फार. बॉनेट जवळजवळ सपाट असते, आणि शंभर अंशांचा छोटा थेंब अशा उतारावरून घरंगळत नाही, जागीच बसतो. सूर्य वर आला की तो आटू लागतो. कडेचे पाणी लवकर उडते, मधले पाणी कडेकडे धावते आणि जाताना क्षार घेऊन जाते. शेवटी प्रत्येक थेंबाच्या जागी एक पांढरे कडे उरते. म्हणून मेण लावलेली गाडी आम्हाला सर्वांत आधी आणि घाईने पुसावी लागते. पाण्याला जवळ न करणारी गाडीच पाण्याचे डाग असे नीट, रेखीव जपून ठेवते! त्यावर अण्णांची एक युक्ती आहे. पाइपाचे तोंड काढायचे, पाइप टपाजवळ धरायचा आणि पाणी संथपणे सोडायचे. एकट्या थेंबाला न कळणारा उतार वाहत्या पाण्याला कळतो. वाटेतले थेंब सोबत घेऊन ते निघून जाते. मग पुसायला थोडेच उरते.

कमळाच्या पानाचे तसे नाही. ते स्वतःच स्वच्छ होते. १९९७ साली विल्हेल्म बार्टलॉट आणि क्रिस्टोफ नाइनहुइस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी याचे कारण प्रसिद्ध केले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कमळाचे पान गुळगुळीत नसते, खडबडीत असते! त्यावर बारीक बारीक उंचवटे असतात आणि त्या उंचवट्यांवर मेणाचे त्याहून बारीक स्फटिक. थेंब नुसत्या टोकांवर तोलला जातो; खाली हवा राहते. कोन १६० अंशांच्या घरात जातो. पान किंचित कलले तरी थेंब घरंगळतो आणि वाटेतली धूळ उचलून नेतो. अळवाच्या पानाचेही असेच आहे. उलट गुळगुळीत पृष्ठभागावर कितीही भारी लेप द्या, कोन १२० च्या फारसा पुढे जात नाही. म्हणजे चकचकीत ते चकचकीतच राहते. आपली धूळ आपण झाडण्याची कला खडबडीतालाच साधते.

हे सारे मी एवढ्या हौसेने का शोधले, ते आता सांगतो. बारावीचा निकाल लागला तेव्हा आमच्या वस्तीतल्या मंडळाने माझा सत्कार केला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. प्रमुख पाहुणे मोठे प्रेमळ होते. ते म्हणाले, "हा मुलगा म्हणजे चिखलात उमललेले कमळ आहे. चिखलात राहूनही त्याने स्वतःला चिखल लागू दिला नाही." टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेत आई बसली होती. तिनेही टाळ्या वाजवल्या. घरी येताना बोळात तिने मला विचारले, "कमळ तू, ते कळलं. मग चिखल कोन रं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरेच जाणून घ्यायचे होते. मी काही बोललो नाही. पण तो प्रश्न माझ्याबरोबर कॉलेजात आला, वर्गात बसला, पहाटे बॉनेटवरही थेंबासारखा उभा राहिला.

आईला द्यायचे उत्तर मला अखेर आजीच्या परसात मिळाले. गावाकडे आमच्या मोरीचे सांडपाणी जिथे जाते तिथे अळू आहे. घासल्या भांड्यांचे, धुतल्या तांदळांचे, हातपाय धुतल्याचे सगळे पाणी त्याच्या मुळाशी जाते. त्यावरच ते छत्रीएवढी पाने धरते. पाऊस पडून गेला की त्या पानांवर मोती डुलत असतात. पाहणाऱ्याला वाटावे, केवढे हे निर्लेप पान! पण परसात त्याच्याइतके तहानलेले झाड दुसरे नाही. चार दिवस मोरी कोरडी राहिली की ते मान टाकते. पानावरचे मेण मोरीचा तिरस्कार म्हणून आलेले नाही; मोरीने दिलेले आत राहावे म्हणून आलेले आहे. देठ मोडून पाहा, हात ओला होतो. ते मोरीचेच पाणी.

कमळाचेही तेच. चिखल त्याला 'लागत नाही' ही वरची गोष्ट झाली. खाली ते चिखलात रुजलेले असते आणि चिखलावरच जगते. ज्याला खरोखर काही लागत नाही आणि ज्याच्या आत राखण्यासारखेही काही नाही, ते बॉनेट! पाण्याचे स्वभाव मला अण्णांनी दाखवले. वर्गात निबंधासाठी वाखाणले गेलेले माझे कितीतरी शब्द आईच्या तोंडचे आहेत. माझ्या बोलण्यातला वस्तीचा खडबडीतपणा घासून काढावा, असे सुचवणारे हितचिंतक मला भेटतात. त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण मला बॉनेट व्हायचे नाही.

परवा हे सगळे मी आईला माझ्या पद्धतीने सांगितले. ती भाकरी थापत होती. तिने ऐकून घेतले, तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "मंग म्होरल्या बारीला सत्कार झाला, की त्यास्नी बी सांग हे."

सांगणार आहे. तोवर इथे लिहून ठेवले.