जुनी गाडी आणि कुंभार्लीचा घाट

बैल घेताना आपण आधी त्याचे दात पाहतो. जुनी मोटार घेताना मात्र मी रंगालाच भुललो.

मुलाच्या हौसेखातर आम्ही जुनी फियाट अबार्थ पुंटो घेतली. २०१५ साली बाजारात आलेली, आपल्या रांजणगावात बनलेली ही छोटी गाडी १४५ अश्वशक्तीची, म्हणजे आपल्या नेहमीच्या ट्रॅक्टरच्या जवळजवळ तिप्पट! मुलाला तिला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवायचा होता. मी म्हटले, आधी कराडहून चिपळूणला जाऊन येऊ.

पाटण, हेळवाक मागे पडले. कुंभार्ली घाटात पावसाची सर आली. एका वळणावर मुलाने ब्रेक दाबला आणि गाडी कठड्याकडे हातभर घसरली. दोघांच्याही तोंडचे पाणी पळाले.

कोयनेच्या पाण्यावर जिथे वीज तयार होते, त्या पोफळीला उतरून टायर पाहिले. नक्षी शाबूत, पण रबर दगडासारखे. कडेवर चार आकडे होते, २३१६. म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा!

सायलेन्सरचे पैसे चार टायर आणि ब्रेकवर खर्च झाले. कर्कश सायलेन्सर कायद्यातही बसत नाही. पुढच्या खेपेला, चढाला लागतो त्याच गिअरमध्ये घाट उतरलो. इंजिनच गाडी आवरून धरत होते. काचा खाली होत्या, समोर वाशिष्ठीचे हिरवेगार खोरे. मुलगा म्हणाला, "आबा, खरी मजा आज आली."

तुम्हीही जुनी गाडी घ्याल, तेव्हा आधी ते चार आकडे वाचा. रंग नंतर पाहा.